सही कुणाची, धावपळ कुणाची

वज्रेश्वरीच्या पायऱ्या चढताना तो गळ्यातलं कार्ड शर्टाच्या आत सारत होता. रविवारची सकाळ होती. अकलोलीच्या कुंडात आंघोळ करून आलेला, केस अजून ओले. आठवडाभर तो उरणच्या बाजूला चार जणांत एक खोली घेऊन राहतो, शनिवारी रात्री अंबाडी नाक्यावर उतरतो आणि रविवारी देवीला येतो. मी कार्डाबद्दल विचारलं तेव्हा त्यानं ते पुन्हा बाहेर काढलं.

"एच कार्ड आहे, काका. कस्टमचं." मग जरा थांबून म्हणाला, "म्हणजे मी कस्टममध्ये नाही. लायसन्स आमच्या शेठचं आहे. मी त्यांच्याकडं आहे."

गावात मात्र सगळे त्याला कस्टमवालाच म्हणतात. आईही कौतुकानं तसंच सांगते. तो सरकारी अधिकारी नाही आणि व्यापारीही नाही. परदेशातून आलेला माल बंदरातून सोडवून मालकाच्या हाती देईपर्यंत जी माणसं मध्ये उभी असतात, त्यांच्यातला तो सगळ्यात खालच्या पायरीवरचा. या धंद्याला कायद्यानं आज 'कस्टम्स ब्रोकर' असं नाव आहे. सरकारी कागदात 'सीमाशुल्क दलाल' असंही वाचायला मिळतं. गोदीत आणि न्हावा शेव्याच्या बंदरात अजून जुनं नावच चालतं : सीएचए, म्हणजे कस्टम हाउस एजंट. २०१३ साली कायद्यातून 'एजंट' गेला आणि 'ब्रोकर' आला. लोकांच्या तोंडून तो गेला नाही. मराठीत दलाल म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात जे येतं, ते पाहता लोकांनी जुनं नाव सोडलं नाही यात नवल नाही.

या मुलाला भेटल्यापासून मी त्या परवान्याचे नियम वाचतो आहे, आणि त्या नियमांनी चालणाऱ्या माणसांशी बोलतो आहे. दिवाळी अंकासाठी हा विषय रुक्ष वाटेल. पण भिवंडी तालुक्यात गावोगाव गोदामं उभी आहेत, आणि त्यातला परदेशी माल कुणाच्या तरी सहीनं आत आलेला आहे. ती सही करण्याचा अधिकार कुणाला मिळतो, कसा मिळतो आणि कसा जातो, हे आपल्याला माहीत असायला हवं.

भिवंडीची गोदामं उभी राहिली तीच मुळी एका कराच्या सीमेमुळं. मुंबई महापालिका ३० जून २०१७ पर्यंत जकात घेत होती. माल शहराच्या हद्दीबाहेर ठेवला तर विकला जाईपर्यंत ती भरावी लागत नसे. म्हणून काल्हेर, कशेळी, पूर्णा, राहनाळ, दापोडे, माणकोली या गावांतल्या भातखाचरांवर पत्रे चढले. दुसऱ्या दिवसापासून जीएसटी आला, जकात नाके ओस पडले, पण गोदामं वाढतच राहिली. जमीन आमच्या माणसांची होती; आगरी कुटुंबं भाडं घेऊ लागली, ट्रेलर-टेम्पो घेऊ लागली, माथाडी झाली. कागदाच्या बाजूला मात्र फार थोडे गेले.

आणि खरं काम कागदात असतं. समजा भिवंडीतल्या एखाद्या कारखानदारानं परदेशातून जुने शटललेस माग मागवले. इथं आपण त्यांना साचे म्हणू. जहाज न्हावा शेव्याला लागण्याच्या आदल्या दिवसापर्यंत 'बिल ऑफ एंट्री' दाखल व्हायला हवं. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये आणि पुढं रोज १०,००० रुपये. कारखानदाराकडून इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग येतं. यंत्र वापरलेलं असल्यानं त्याचं वय आणि किंमत सांगणारा चार्टर्ड इंजिनिअरचा दाखला लागतो. ब्रोकरच्या कचेरीत कुणीतरी संगणकापुढं बसून त्या सगळ्याची 'चेकलिस्ट' बनवतो आणि एका प्रश्नापाशी थांबतो : हे यंत्र नेमकं कोणतं?

जगातल्या प्रत्येक वस्तूला इथं आकडा आहे. आपल्याकडं १९७५ च्या कस्टम्स टॅरिफ कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तो आठ अंकी असतो. विणकामाची यंत्रं ८४४६ मध्ये येतात. रुंदी ३० सेंटिमीटरपेक्षा जास्त असलेला आणि धोट्यावर चालणारा पॉवरलूम असेल तर ८४४६ २१, धोटा नसेल तर ८४४६ ३०. सिंथेटिक फिलामेंटचं सूत ५४०२, त्याच सुताचं विणलेलं कापड ५४०७, आणि तेच निटिंग मशीनवर निघालं असेल तर थेट ६० वा अध्याय. धोटा आणि सूत हे भिवंडीतल्या कुणाही पोराला न सांगता कळतं. या आकड्यांमागचं अर्धं ज्ञान तो घरातूनच घेऊन येतो. पण ते ज्ञान दरपत्रकाच्या कोणत्या ओळीत बसतं, हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं.

आकडा चुकला की दर चुकतो, आणि दर म्हणजे राज्याचं धोरण. ही गोष्ट आपल्याला नवी नाही. १६७१ साली शिवाजी महाराजांनी कुडाळच्या सरसुभेदाराला पत्र पाठवून बारदेशातून येणाऱ्या मिठावर जबर जकात बसवायला सांगितलं. गोव्याचं मीठ स्वस्त पडतं आणि संगमेश्वरचं विकलं जात नाही, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. देशी मीठकऱ्याला वाचवणारं ते पत्र नाक्यावरच्या कारकुनानं मीठ ओळखलं, मोजलं आणि नोंदवलं तरच खरं ठरणार होतं.

२०११ पासून हे ओळखण्याचं आणि मोजण्याचं पहिलं ओझं सरकारनं आयातदारावर टाकलं. त्यानं स्वतःच कर ठरवायचा, अधिकारी नंतर पडताळणार. आयातदार हे सगळं ब्रोकरच्या टेबलावर ठेवतो. ३१ ऑक्टोबर २०२० पासून देशभर 'फेसलेस' पद्धत आहे : न्हावा शेव्याला आलेल्या मालाचा कागद दुसऱ्याच शहरातला अधिकारी तपासतो. पूर्वी जुने एजंट कस्टम हाउसच्या जिन्यावर ओळखी जपत. त्या ओळखींची किंमत एका झटक्यात उतरली. हे चांगलंच झालं असं मला वाटतं. पण कंटेनर उघडताना, सील तोडताना, वजन करताना, नमुना काढताना कुणीतरी तिथं उभं राहावंच लागतं. चेहरा नसलेल्या तपासणीत एक चेहरा उरला आहे, तो या एच कार्डवाल्या मुलाचा.

मध्ये उभा राहणारा हा माणूस आपल्या भागात जुना आहे, आणि जकात त्याच्याहूनही जुनी. कल्याण-सोपाऱ्याला उतरलेला माल नाणेघाटानं जुन्नरला जाई. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीची नाणी टाकण्यासाठी होता असं मानलं जातं. तिथं व्यापारी, त्याचा माल आणि रांजण, एवढंच होतं. पोर्तुगीजांच्या काळात समुद्रावर कर्ताज नावाचा परवाना आला. तो घेतल्याशिवाय जहाज हाकायचं नाही आणि त्यांच्या ठाण्याला कर भरल्याशिवाय पुढं जायचं नाही. वसई हे त्यांचं मोठं ठाणं. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, आणि नवस फेडायचा म्हणून वज्रेश्वरीचं हे देऊळ उभं राहिलं. किल्ल्याच्या दरवाजासारखं महाद्वार आणि वर नगारखाना आहे तो त्या मोहिमेची आठवण म्हणून.

पेशवाईत देशावर नाके इतके झाले, आणि प्रत्येक नाक्याचा मक्ता इतक्या वेगवेगळ्या माणसांकडं गेला, की एकट्या व्यापाऱ्याला माल घेऊन पार होणं अवघड झालं. तेव्हा हुंडेकरी पुढं आला. हुंडेकरी एकरकमी ठराव करी : माल इथून तिथवर पोचवीन, वाटेतल्या सगळ्या जकाती मीच भरीन. व्यापारी त्याच्यावर विसंबे, आणि जकातीचे मक्तेदारही त्याच्याकडूनच हिशेब घेत. एल्फिन्स्टननं १८१९ च्या अहवालात या हुंडेकऱ्यांची नोंद केली आहे. आडनाव म्हणून हा शब्द आजही भेटतो. दोन्ही बाजूंना जबाबदार असलेला मधला माणूस, ही आजच्या कस्टम्स ब्रोकरची जागा त्यानं तेव्हाच धरली होती. मला 'सीमाशुल्क दलाल' या शब्दापेक्षा हुंडेकरी हा शब्द कितीतरी भारदस्त वाटतो. भाषांतर करणाऱ्यांनी आपल्याच कोशात पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

हुंडेकऱ्याला परवाना नव्हता, पत होती. इंग्रजांच्या १८७८ च्या सागरी सीमाशुल्क कायद्यानं परवाना आणला. आज १९६२ च्या कस्टम्स कायद्याचं कलम १४६ सांगतं की परवान्याशिवाय कुणीही हा धंदा करायचा नाही. स्वतःचा माल स्वतः सोडवायला मात्र कुणालाही मुभा आहे. कलमाखालचे नियम १९८४, २००४, २०१३ असे बदलत गेले आणि सध्या १४ मे २०१८ ची नियमावली चालू आहे. परवाना हवा तर माणूस भारताचा नागरिक आणि पदवीधर हवा. त्यावर सीए, एमबीए, एलएलबीसारखी व्यावसायिक पदवी किंवा कस्टम क्लिअरन्सची मान्य पदविका हवी, नाहीतर ब्रोकरकडं नोकरी करताना खात्याची परीक्षा पास होऊन मिळणाऱ्या 'जी' कार्डावर किमान दोन वर्षांचा अनुभव. पाच लाखांची मालमत्ता असल्याचा बँकेचा दाखला लागतो. पुढं परवाना घेताना पाच लाखांची हमी ठेवावी लागते.

त्याआधी परीक्षा. नासीन ही केंद्राची प्रबोधिनी ती घेते. संगणकावर १५० प्रश्न, बरोबर उत्तराला तीन गुण, चुकलं तर एक वजा, एकूण ४५० आणि उत्तीर्ण व्हायला ६० टक्के. लेखी पार पडली तर तोंडी. कायदा, वर्गीकरण, मूल्यांकन, परतावे, बंदी असलेला माल, बरंच काही. परीक्षा कठीण आहे आणि ती तशीच असावी. पण प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीतच असते. न्हावा शेव्यासारखं गजबजलेलं कंटेनर बंदर ज्या राज्यात आहे, तिथल्या मुलाला कस्टमचा कायदा त्याच्या भाषेत वाचायला मिळू नये, याचं मला वाईट वाटतं. २०२४-२५ मध्ये या एका बंदरातून वीस फुटी मापानं सुमारे ७३ लाख कंटेनरांची ये-जा झाली. त्यांच्यामागं धावणाऱ्या मुलांपैकी कितीतरी उरण, पनवेल, भिवंडीची आहेत. टॅरिफवर, नियमावलीवर सोप्या मराठीत एक धड पुस्तक मी शोधतो आहे; हाती लागलेलं नाही.

कार्डांची उतरंड अशी : परवान्याची परीक्षा पास झालेल्याचं एफ, त्याखालची खात्याची परीक्षा पास झालेल्या नोकराचं जी, आणि परीक्षा न दिलेल्याचं एच. एच कार्डासाठी बारावी पुरते. एच कार्डवाला मदत करू शकतो, कागद नेऊ शकतो, तपासणीला उभा राहू शकतो. बिल ऑफ एंट्रीवर सही करू शकत नाही. ती एफ किंवा जी कार्डवाल्यानंच करायची. पण नोकरानं काही चूक केली तर तिची जबाबदारी परवानाधारकाची, असंही नियम म्हणतो. आणि उलट बाजूनं, परवाना निलंबित किंवा रद्द झाला की सगळी कार्डं जमा करावी लागतात.

"आमच्या आधीच्या शेठचं झालं होतं तसं," तो मुलगा म्हणाला. आम्ही नगारखान्याखाली बसलो होतो. "माल मी पाहिलाच नव्हता. दुसऱ्या पोरानं केलेला. सकाळी ऑफिसला गेलो तर सर म्हणाले, कार्डं द्या सगळ्यांनी. सतरा जण होतो आम्ही."

"मग?"

"मग काय. सात महिने इथंच एका गोदामात लोडिंग लिहीत होतो. आईला सांगितलं, बदली झालीय."

निलंबनाची वेळ नियमांनी बांधलेली आहे. निलंबनानंतर १५ दिवसांत सुनावणी आणि त्यापुढच्या १५ दिवसांत निर्णय. परवाना रद्द करण्याची वाट लांबची : अहवाल मिळाल्यापासून ९० दिवसांत नोटीस, ३० दिवसांत उत्तर, ९० दिवसांत चौकशी अहवाल, त्यावर म्हणणं मांडायला ३० दिवस, आणि ९० दिवसांत आयुक्तांचा हुकूम. नुसता दंड करायचा तर कमाल ५०,००० रुपये. या ९० दिवसांच्या मुदती पाळणं सक्तीचं की नाही, यावर उच्च न्यायालयांत एकमत नव्हतं. दिल्ली आणि मद्रासनं त्या सक्तीच्या मानल्या; मुंबई उच्च न्यायालयानं २०१८ साली त्या मार्गदर्शक आहेत, एखादी मुदत ओलांडली म्हणून कारवाई आपोआप बाद होत नाही, असं धरलं. कायद्याच्या दृष्टीनं मुंबईचं म्हणणं मला पटतं. अधिकाऱ्याच्या दिरंगाईमुळं खरा दोषी सुटू नये. पण प्रत्येक लांबलेल्या दिवसाचं भाडं उरणच्या खोलीत कुणीतरी भरत असतं. ज्या नोकरानं त्या मालाला हातही लावला नाही त्याचं कार्ड दुसऱ्या परवानाधारकाकडं लगेच चालू व्हावं, एवढी सोय नियमात करायला काय हरकत आहे?

परवानाधारकाची बाजूही सोपी नाही. नियमावलीचा दहावा नियम म्हणजे कर्तव्यांची लांबलचक यादी, पण त्यातली दोन मला सारखी आठवतात. पहिलं असं : ग्राहकाला कायदा पाळण्याचा सल्ला द्या, आणि तो ऐकत नसेल तर साहाय्यक किंवा उपायुक्तांच्या कानावर घाला. वकील अशिलाचं गुपित पोटात ठेवतो. ब्रोकरला ते उघड करावं लागतं, तेही ज्याच्याकडून मेहनताना घ्यायचा त्याच्याच विरुद्ध. कंटेनरमागं चार पैसे कमी घेणारा शेजारी टपलेला असताना हे करायला छाती लागते. मी ज्यांच्याशी बोललो त्यांपैकी एका वयस्क ब्रोकरनं तीन ग्राहक असे सोडले. सांगताना त्यांच्या आवाजात कसलाही मोठेपणा नव्हता. "सोडले म्हणजे गेले. दुसऱ्याकडं गेले. माल आलाच असणार," ते म्हणाले.

दुसरं कर्तव्य : ग्राहकाचा आयात-निर्यात क्रमांक, जीएसटी क्रमांक, त्याची ओळख आणि दिलेल्या पत्त्यावर तो खरोखर काम करतो का, हे विश्वासार्ह कागदपत्रांवरून पडताळून पाहायचं. जीएसटीनंतर निर्यातीवरचे परतावे लाटणाऱ्या कागदी कंपन्या निघाल्या आणि खात्याची नजर ब्रोकरवर गेली. पत्त्यावर जाऊन पाहिलं का? अपील न्यायाधिकरणाच्या दिल्ली खंडपीठानं काही निकालांत म्हटलं की सरकारनंच दिलेली कागदपत्रं तपासली असतील तर प्रत्यक्ष जागेवर जायला हवं होतं असं ब्रोकरला म्हणता येणार नाही. दिल्ली उच्च न्यायालयानंही २०१७ मध्ये म्हटलं होतं की ब्रोकर म्हणजे व्यवहाराचा खरेखोटेपणा तोलणारा निरीक्षक नव्हे. पण सर्वोच्च न्यायालयानं २०१६ साली मुंबईच्याच एका प्रकरणात आयुक्तांनी परवाना रद्द केला तो कायम ठेवला. या माणसावर आयातदार आणि सरकार दोघंही भरवसा टाकतात, त्याला तडा गेला तर परवाना टिकत नाही, असा त्या निकालाचा रोख होता. या निकालांत मला तरी विरोध दिसत नाही. भविष्य पाहायला त्याला कुणी सांगत नाही, समोरचं दिसत असून डोळे मिटू नकोस एवढंच सांगतात.

डोळे मिटण्याचा सगळ्यात जुना प्रकार म्हणजे परवाना चालवायला देणं. नियम म्हणतो, परवाना विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. तरी महिन्याला ठरलेली रक्कम घेऊन आपल्या परवान्यावर दुसऱ्याला काम करू देणारे असतात. सही करणाऱ्यानं ग्राहक पाहिलेला नसतो, ग्राहक आणणाऱ्याला सहीचा अधिकार नसतो, आणि दोघांच्या मध्ये एच कार्डवाला धावत असतो. परवाना हा एका माणसाच्या ज्ञानावर आणि सचोटीवर ठेवलेला विश्वास असेल, तर तो भाड्यानं देणं म्हणजे डॉक्टरनं आपली पाटी दुसऱ्याच्या दारावर लावू देण्यासारखं आहे. खात्यानं सगळ्यात कडक इथं असावं.

२३ जुलै २०२१ पासून परवाना आजन्म झाला. त्याआधी दर दहा वर्षांनी नूतनीकरण करावं लागे. कागदी त्रास वाचला, ठीक. पण परीक्षा एकदाच दिली की पुढं शिकत राहण्याची सक्ती नाही, आणि कायदा मात्र दरवर्षीच्या अर्थसंकल्पात बदलतो. सप्टेंबर २०२० मध्ये व्यापार करारांखालच्या सवलतींसाठी मालाच्या मूळ देशाचे नवे नियम आले, तेव्हा कित्येक कचेऱ्यांत जुन्याच सवयीनं कागद भरले जात होते, असं मला दोन जी कार्डधारकांनी सांगितलं. अमेरिकेत ब्रोकरची परीक्षा वर्षातून दोनदा होते, ८० प्रश्न आणि ७५ टक्क्यांना पास. तिथं आता परवानाधारकाला दर तीन वर्षांत ३६ तासांचं शिक्षण घेणं नियमानं बांधलं आहे. आपल्याकडं हे व्हायला हवं, आणि त्या वर्गात एच कार्डवाल्यांनाही बसवायला हवं, कारण मालासमोर उभे तेच असतात.

वेळही फार नाही. पालघर जिल्ह्यात वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ ला झाली. ७६,२२० कोटींचा प्रकल्प, आणि किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा त्याला विरोध आहे. त्यांच्या समुद्राचं काय होईल, हा प्रश्न कोणत्याही नोकरीपेक्षा मोठा आहे आणि त्याचं उत्तर त्यांना मिळालंच पाहिजे. इकडं मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्गाचा शिरसाड ते अकलोली हा टप्पा वज्रेश्वरीच्या कुंडांपर्यंत येऊन टेकतो आहे. बंदरांचा माल आता गरम पाण्याच्या झऱ्यांशेजारून जाईल. जमिनी देऊन झाल्या, भाडी ठरत आहेत. कॉलेजं मात्र तीच आहेत. भिवंडीत, वाड्यात, अंबाडीला बी.कॉम. करणाऱ्या मुलांना कुणी सांगितलेलं नसतं की सूत आणि माग ओळखणाऱ्याला ८४ वा आणि ५४ वा अध्याय अर्धा येतोच.

मी त्या मुलाला विचारलं, जी कार्डाची परीक्षा देणार का?

"फॉर्म भरलाय. इंग्रजी येतं तसं, पण लांब वाक्य असलं की 'नॉट' कुठं आहे तेच सापडत नाही." त्यानं पाठीवरच्या बॅगेतून टॅरिफचं जाडजूड पुस्तक काढलं. कोपरे झिजलेले, मध्ये तिकिटं खुणेला घातलेली. ८४४६ च्या ओळीसमोर त्यानं पेन्सिलीनं मराठीत लिहिलं होतं : 'पप्पांचा साचा'. त्याचे वडील २२ वर्षं धोट्याच्या मागावर होते.

"आणि पास झालास तर?"

"तर सही माझी," तो म्हणाला, आणि बॅग उचलून अंबाडीची गाडी पकडायला उतरू लागला. सोमवारी सकाळी नऊला एक कंटेनर उघडायचा होता.